पब्लिक पॉलिसीला निवड झालेल्या सीमाभागातल्या मुलांचं स्वागत : शाल-नारळ की आणखी काही?

घटप्रभा
नमस्कार मंडळी.

यंदा बेळगाव, खानापूर, निपाणी, हुक्केरी या पट्ट्यातली काही मुलं-मुली पब्लिक पॉलिसीच्या, म्हणजे सार्वजनिक धोरणाच्या, मास्टर्सला लागली आहेत. कुणी बेंगळुरूला, कुणी मुंबईला, एक हैदराबादला. आधी याच वाटेनं गेलेल्या आम्हा काही जणांचा गट आहे. कॉलेजं सुरू व्हायच्या आत एका रविवारी बेळगावात टिळकवाडीत सगळ्यांना बोलवायचं ठरलंय.

गटात पहिली सूचना आली ती नेहमीचीच : शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह, प्रमुख पाहुणे, दोन भाषणं, आभार. मला ते नको वाटतं. ही पोरं थोड्याच दिवसांत वर्गात बसून आंतरराज्य पाणीवाटप, भाषिक अल्पसंख्याक, अनुदानं, पंचायती असलं सगळं वाचणार आणि उदाहरणं मात्र केनियाची नाहीतर केरळची येणार. यातलं जवळजवळ प्रत्येक प्रकरण आपल्या गावाजवळ घडतंय, ते जाण्याआधी एकदा त्या नजरेनं बघून जावं असं माझं मत. तीन तास हातात आहेत. तुम्ही काय कराल?

आणि ज्यांनी हा कोर्स केलाय त्यांनी खरंखुरं सांगा. माहितीपत्रकातलं नको.

पहिलं_रेल्वे_गेट
आधी चहा-पोहे. रिकाम्या पोटी पॉलिसी कळत नाही.

खानापूरकर
स्वागताचं नंतर बघू. हे शिकून पोरं करणार काय? आमच्या गल्लीतल्या एकाचं नाव लागलंय. वडील सगळ्यांना सांगत फिरतात, पोरगा कलेक्टर व्हायला चाललाय. पोरगं शेजारी खाली मान घालून उभं.

घटप्रभा
@खानापूरकर, कलेक्टर नाही. तो यूपीएससीचा रस्ता वेगळा, त्याला कुठलीही पदवी चालते. हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम : अर्थशास्त्र, संख्याशास्त्र, थोडा कायदा, सरकारी जमाखर्च, योजना आखणं आणि ती चालली की नाही हे तपासणं. बेंगळुरूच्या नॅशनल लॉ स्कूलनं २०१४ साली सुरू केला, आयआयटी मुंबईतही आहे. पुढं कुणी सरकारी खात्यात सल्लागार होतं, कुणी आमदार-खासदारांसाठी संशोधन करतं, कुणी पाणी-शिक्षण-आरोग्यातल्या संस्थांत जातं, बरेच जण सल्लागार कंपन्यांत. पगार कंपनीत बरा, संस्थेत बेताचा. हे पोरांच्या आईवडिलांना आधीच सांगितलेलं बरं.

यूपीएससी आणि हे दोन्ही एकदम करू म्हणणारे बरेच असतात. त्यातले बहुतेक पहिल्या सत्रात एक काहीतरी सोडतात, आणि सोडतात तो अभ्यासक्रमच. फी मात्र भरलेली असते.

मास्तर_येळ्ळूर
घटप्रभा, तुमचा हेतू चांगला आहे, पण सत्काराला इतकं हिणवू नका. मी मराठी शाळेत हयात काढली. आमच्याकडची ही मुलं म्हणजे घरातली पहिली पदवीधर, आणि आता पदवीच्याही पुढं निघालीत. मुलगा इंजिनिअर झाला तर गावाला कळतं, डॉक्टर झाला तर कळतं. हा नेमकं काय शिकायला चाललाय हे अजून घरात कुणाला उमगलेलं नाही. आईनं नवी साडी नेसून पुढच्या रांगेत बसावं आणि चार माणसांसमोर आपल्या मुलीचं नाव ऐकावं, यात वाईट काय? शाल पोराच्या खांद्यावर पडते, पण ती असते आईबापासाठी.

आणि धोरण म्हणजे काहीतरी दिल्लीहून आलेलं असं मुलांना वाटू देऊ नका. शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ ला कोल्हापूर संस्थानच्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागा राखल्या. निपाणीहून एसटीनं तासाभराच्या अंतरावरची गोष्ट आहे ही. रोजगार हमी महाराष्ट्रात १९७०च्या दशकात सुरू झाली, देशाचा कायदा झाला २००५ साली. हे त्या पोरांना ठाऊक असायला हवं.

घटप्रभा
मास्तर, आईवडिलांचं माझ्या डोक्यात नव्हतं. मुद्दा घेतला. पण प्रमुख पाहुणे नकोतच, ते तासभर स्वतःबद्दल बोलतात.

पहिलं_रेल्वे_गेट
आणि उशिरा येतात. आणि येताना स्वतःचा फोटोग्राफर आणतात.

निपाणीची_सून
मी केलाय हा कोर्स, लग्नाआधी. माहेर अथणीकडचं. कॉलेजचं नाव सांगत नाही, पण जे झालं ते सांगते.

दहावीपर्यंत मराठी माध्यम, कन्नड शाळेत शिकलेलं, इंग्रजी पुस्तकी. पहिल्याच आठवड्यात प्रत्येक विषयाला पन्नास-साठ पानं वाचायला दिली. दिल्लीच्या कॉलेजांतून आलेली मुलं वर्गात इतकं सफाईदार बोलायची की वाटायचं, यांनी सगळं वाचलंय. पुढं कळलं, त्यांनी पहिली दोन पानं आणि शेवटचं पान वाचलेलं असतं. वाईट नाही ते, तेही एक कौशल्य आहे आणि नव्यांनी लवकर शिकावं. पण ज्यानं मधली पानं वाचलीत त्यानं गप्प बसू नये.

संख्याशास्त्राला घाबरतात सगळे. बीए करून गेलेल्यांनी आत्तापासून एक्सेल आणि शाळेतलं टक्केवारी-सरासरी घट्ट करून जावं. तिथं गेल्यावर शिकवतात, पण वेग फार असतो.

लिहिणं मात्र सगळं विसरून नव्यानं शिकावं लागतं. आपल्याला निबंधाची सवय. प्रस्तावना, मग गोलगोल, मग उपसंहार. तिथं दोन पानांचं टिपण मागतात : मंत्र्याकडं पाच मिनिटं आहेत, काय करायचं ते पहिल्या ओळीत सांग. माझं पहिलं टिपण प्राध्यापिकेनं नुसतं परत केलं, वर एकच प्रश्न : “मग करायचं काय?”

मला पाय रोवता आले ते बसमुळं. तुलना करा म्हणून काम दिलं होतं, मी बस घेतली. आमच्या वेळी आजच्या सवलती नव्हत्या, पण तेच काम आता असतं तर मी निपाणी-कोल्हापूरच घेतलं असतं. कर्नाटकात जून २०२३ पासून शक्ती योजना : राज्यातल्या रहिवासी बायकांना साध्या बसमध्ये तिकीट शून्य, ओळखपत्र दाखवायचं. महाराष्ट्रात त्याच वर्षी मार्चपासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट. माझ्या सासूबाई कोल्हापूरला जाताना मनातल्या मनात हा सगळा हिशोब करूनच बस निवडतात. एका सरकारनं रहिवास बघितला, दुसऱ्यानं नाही. एकानं किंमत शून्य केली, दुसऱ्यानं निम्मी ठेवली. गर्दी कुठं जास्त वाढेल, महामंडळाचे पैसे सरकारकडून वेळेवर आले नाहीत तर पहिल्यांदा कुठली फेरी बंद होईल, खेड्यातली की महामार्गावरची? सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावर एक दिवस उभं राहिलं तरी अर्धा प्रबंध होतो.

चंदगडी_भाऊ
काय बोलूलात ओ ताई. गडी माणसाला दोन्हीकडं फुल तिकीट. या बाबतीत दोन्ही राज्यांचं एकमत हाय बगा.

सीमालढा_८६५
सगळं वाचलं. बस झाली, शाहू महाराज झाले, पोहे झाले. सीमाप्रश्न? धोरण शिकायला चाललेत आणि ज्या प्रश्नात जन्मले त्याचं नाव घ्यायचं नाही का? १९५६ साली राज्य पुनर्रचना झाली आणि आम्ही तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेलो. १९६६ ला या वादासाठी महाजन आयोग नेमला, १९६७ ला अहवाल आला : २६४ गावं महाराष्ट्राला, २४७ कर्नाटकाला, बेळगाव शहर जिथं आहे तिथंच. महाराष्ट्रानं तो नाकारला. २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात. तीन पिढ्या गेल्या. स्वागताच्या कार्यक्रमात हे नसेल तर मी येणार नाही.

शहापूर_गल्ली
@सीमालढा, या हो. पण भाषण नको. ही पोरं काळ्या दिनाच्या निषेध फेरीत बापाच्या खांद्यावर बसून वाढलीत. घोषणा तोंडपाठ आहेत. मी माझ्या पुतण्याला विचारलं, महाजन अहवाल का नाकारला आपण? उत्तर : “अन्याय झाला म्हणून.” कसला, कुठल्या निकषावर? गप्प.

सीमालढा_८६५
निकष साधे आहेत. खेडं हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या, लोकांची इच्छा. यातली मुख्य तत्त्वं पाटसकर सूत्रातली, आंध्र-मद्रास सीमेला लावली गेली. आम्हाला लावा एवढंच म्हणणं.

घटप्रभा
बरोबर. आणि कर्नाटकाचं म्हणणं : राज्यांच्या सीमा ठरवणं कलम ३ खाली संसदेचं काम, कायदा झाला, विषय संपला, आणि दुसऱ्या तोंडानं, महाजन अहवाल जसाच्या तसा घ्या. गंमत अशी की त्याच अहवालात कासरगोड कर्नाटकाला द्या असंही होतं, आणि तिथं केरळ नको म्हणालं. म्हणजे एकाच आयोगाचा कागद, दोन सीमांवर दोन राज्यं आपापल्या सोयीनं वाचतात. पोरांना हे दोन्ही बाजूंनी मांडता आलं पाहिजे. वर्गात शेजारी कर्नाटकातल्याच मंड्याचा किंवा हासनचा मुलगा बसलेला असणार. त्याच्यापुढं घोषणा चालत नाही, निकष चालतात.

धारवाडचा_पाव्हणा
मी कन्नडिग. आजोळ बेळगावचं, म्हणून मराठी वाचतो-लिहितो. चुका पोटात घाला.

मुलांना एकच सांगतो, कन्नड नीट वाचायला शिकून जा. बोलता सगळ्यांना येतं. वाचता येत नाही, विशेषतः सरकारी कन्नड. पंचायतीचा ठराव, अंदाजपत्रक, खात्याची सुत्तोले म्हणजे परिपत्रकं, सगळं कन्नडमध्ये. महाराष्ट्राचे शासन निर्णय मराठीत. बेंगळुरूच्या हुशार मुलाला मराठी जीआर वाचता येत नाही, पुण्याच्या हुशार मुलाला कन्नड आदेश वाचता येत नाही. दोघेही इंग्रजी सारांशावर अवलंबून, आणि सारांशात अटी गळतात. खानापूरचं पोरगं दोन्ही मूळ कागद शेजारी ठेवून वाचू शकतं. या धंद्यात हे भांडवल आहे आणि तुमच्या मुलांना त्याची किंमत माहीत नाही.

उदाहरण घ्या. कर्नाटकात गृहलक्ष्मी : घरातल्या कर्त्या बाईला महिन्याला २००० रुपये. महाराष्ट्रात लाडकी बहीण : २१ ते ६५ वयाच्या बाईला १५०० रुपये, कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत. एकानं कर्ती बाई धरली, एकानं वय आणि उत्पन्न. मग सासू-सून एका घरात असतील तर? रेशनकार्डावर कर्ती कोण? सुनेनं वेगळं कार्ड काढलं तर? हे प्रश्न बातमीत सापडत नाहीत, आदेश वाचल्यावर सुचतात.

सीमालढा_८६५
कन्नड शिकायला आमची कधीच ना नव्हती. विरोध सक्तीला आहे. घटनेच्या कलम ३५०-अ मध्ये प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करावी असं आहे, ३५०-ब खाली भाषिक अल्पसंख्याकांसाठी खास अधिकारी आहे. कागद मराठीतून मागितला तर उत्तर काय मिळतं ते इथं सगळ्यांना माहीत आहे.

धारवाडचा_पाव्हणा
मान्य. मग हाच विषय घेऊन एखाद्या मुलीनं प्रबंध करावा. तरतूद काय, अंमलबजावणी काय, मधे कुठं अडतं. रागानं नाही, अर्ज आणि तारखा घेऊन.

चंदगडी_भाऊ
पाव्हणं, तुमचं मराठी आमच्यापेक्षा बरं हाय गा.

खानापूरकर
माझी सूचना : सगळ्यांना कणकुंबीला न्या. मलप्रभेचा उगम. तिथंच कळसा नाल्याचं खोदकाम. म्हादई नदीच्या पाणीवाटप लवादानं २०१८ ला कर्नाटकाला १३.४२ टीएमसी दिलं, गोव्याला २४, महाराष्ट्राला १.३३. पाणी न्यायचं हुबळी-धारवाडच्या बाजूला, विरोध गोव्याचा, जंगल आमचं. आमच्या तालुक्यात पावसाळ्यात आभाळ फाटतं आणि मे महिन्यात बायका घागर घेऊन फिरतात. आणि खानापूरला काय मिळणार, हे भांडणाऱ्या तिघांतलं कुणी विचारत नाही.

पहिलं_रेल्वे_गेट
जुलैत कणकुंबी? पोरं पॉलिसी शिकायच्या आधी जळवा मोजायला शिकतील.

खानापूरकर
शिकू देत. जळू पक्ष बघून चावत नाही.

शहापूर_गल्ली
तीन तासांत कणकुंबी होत नाही, जाऊन यायलाच तेवढे लागतात. मी जवळचं सांगते. बेळगावात जागतिक बँकेच्या कर्जातून काही प्रभागांत चोवीस तास पाण्याचा प्रयोग झाला, हुबळी-धारवाड आणि गुलबर्ग्याबरोबर, २००८च्या सुमारास. मीटर बसले, पाणी कधीही उघडा. बाकीचं शहर राकसकोप आणि हिडकलच्या धरणांच्या भरवशावर आणि नळ कधी येतो याची वाट बघत. माझी बहीण तसल्या प्रभागात, मी इकडं. तिच्या घरात साठवणीची भांडी दिसत नाहीत, माझ्याकडं हंडे, पिंप, गच्चीवर टाकी, वर एक ड्रम.

मुलांना दोन गल्ल्यांतून फिरवा. दोन्हीकडच्या बायकांशी बोलू द्या. बिल किती, वेळ किती वाचला, मीटर नको होता का, भाडेकरूला काय. काही वर्षांत सगळ्या शहराला मिळेल असं तेव्हा म्हणत होते. छोटा प्रयोग यशस्वी होतो आणि मोठा का रखडतो, हे त्यांनी स्वतः शोधावं.

निपाणीची_सून
+१. हे फार आवडलं. प्रश्न आधी पाठ करून जाऊ नका म्हणावं. बाईला हंडा उचलू लागायचा आणि मग विचारायचं.

हुक्केरीची_आई
मी इथं फक्त वाचते, आज लिहिते. माझ्या मुलीचं नाव लागलंय. आम्ही शेतकरी, मराठा. फीचा आकडा बघून मुलीचे बाबा दोन दिवस बोललेच नाहीत. जातीच्या दाखल्याचं काय करायचं ते कुणी नीट सांगत नाही. एक जण म्हणतो थ्री-बी चालतं, एक म्हणतो चालत नाही. सीमाभागाची सवलत मिळते म्हणतात ती हीच का?

घटप्रभा
काकू, सांगतो.

थ्री-बी हा कर्नाटक राज्याच्या यादीतला प्रवर्ग. केंद्राच्या संस्थेत केंद्राची ओबीसी यादी चालते आणि मराठा त्यात नाही. तिथं ईडब्ल्यूएस, म्हणजे आर्थिक दुर्बळ घटकांचं आरक्षण, बघा : कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत आणि शेती पाच एकरांपेक्षा कमी, शिवाय घर-प्लॉटच्या अटी. दाखला केंद्राच्या नमुन्यात हवा, चालू वर्षाचा. दाखल्यासाठी नाडकचेरीत, म्हणजे महसूल कचेरीत, जाताना संस्थेच्या संकेतस्थळावरचा नमुना छापून न्या, नाहीतर राज्याचा दाखला हातात देऊन पाठवतात.

सीमाभागाची सवलत, म्हणजे महाराष्ट्रानं दावा केलेल्या ८६५ गावांतल्या मुलांसाठीची, ती महाराष्ट्र राज्याच्या इंजिनिअरिंगसारख्या प्रवेशांना. आयआयटीसारख्या केंद्राच्या संस्थेला ती लागू नाही.

फीबद्दल : पहिला हप्ता भरायच्या आधी संस्थेला ईमेल करून शिष्यवृत्ती, फीमाफी, हप्ते याबद्दल विचारा. लाजू नका, रोज शेकडो विचारतात. मुलगी कुठल्या संस्थेत चाललीय ते मला व्यनि (खासगी निरोप) करा, तिथं शिकणारं आपलं कुणी असेल तर गाठ घालून देतो.

निपाणीची_सून
काकू, आणि काकांना म्हणावं की फोन करा मला, मी बोलते त्यांच्याशी. माझ्या बाबांनीही असंच मौन धरलं होतं. कर्जाचं व्याज कधी सुरू होतं आणि हप्ता कधी, हे कागदावर लिहून दाखवल्यावर बोलायला लागले.

हुक्केरीची_आई
धन्यवाद ताई. रविवारी हेही येतील. मास्तरांनी लिहिलेलं वाचून दाखवलं त्यांना.

मास्तर_येळ्ळूर
या, वाट बघतो. शालीचा खर्च माझा. घटप्रभांनी डोळे मिटून घ्यावेत.

पहिलं_रेल्वे_गेट
मूळ प्रश्न काय होता कुणाच्या लक्षात आहे का?

घटप्रभा
आहे. आता असं ठरवू. सकाळी आठला शहापूर_गल्लींच्या घरापाशी जमायचं, चहा तिथंच. दोन-दोनच्या जोड्या, एक कन्नड चांगलं वाचणारा, एक मराठी. दोन्ही प्रभागांतून फिरून दहाला हॉलमध्ये. तोवर पालक आलेले असतील. मुलांनी बघितलेलं पालकांसमोर सांगायचं, मराठीत, प्रत्येकी पाच मिनिटं, पहिल्या ओळीत “करायचं काय”. म्हणजे पोरगी काय शिकायला चाललीय ते घरच्यांना तिच्याच तोंडून कळेल. त्यानंतर मास्तरांची शाल. प्रमुख पाहुणे नाहीत.

जाताना प्रत्येकाच्या हातात गृहलक्ष्मीचा कन्नड आदेश आणि लाडकी बहीणचा मराठी जीआर. पहिल्या सुट्टीत घरी येतील तेव्हा दोन पानांचं टिपण आणायचं. पाव्हण्यांनी कन्नड बाजू तपासायची.

कणकुंबी दिवाळीनंतर, जळवा गेल्यावर.

धारवाडचा_पाव्हणा
तपासतो. एका ग्रामपंचायतीचं अंदाजपत्रकही आणतो, बघू किती जणांना शेवटपर्यंत वाचता येतं.

खानापूरकर
त्या कलेक्टरच्या वडिलांना मी घेऊन येतो. पोरानं पाच मिनिटांत समजावलं तर गल्लीची सुटका होईल.

सीमालढा_८६५
येतो. महाजन अहवालातली शिफारशींची पानं आणि महाराष्ट्राच्या दाव्यातले मुद्दे, एवढंच ठेवा. भाषण करणार नाही. झेरॉक्स मी काढतो, किती हव्यात?

घटप्रभा
मुलांपुरत्या पुरेत. आणि कर्नाटकाच्या लेखी उत्तरातलं काही तुमच्याकडं असेल तर तेही काढा.

सीमालढा_८६५
आहे. काढतो. पण ती पानं पाठपोट काढणार.